ओवेन्स व्हॅली: गुरं, पाट आणि लॉस एंजेलिसला गेलेलं पाणी

हायवे३९५

मागे इथे कॅलिफोर्नियातल्या मॅमथच्या ट्रिपचा धागा होता त्यात कुणीतरी विचारलं होतं की बिशपपासून लोन पाइनपर्यंत एवढी मोकळी सपाट जमीन, एका बाजूला बर्फाचे डोंगर, अधूनमधून गाई चरतायत, मग तिथे घरं का नाहीत आणि गावं एवढी चिल्लर का. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण ते आवरेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

थोडक्यात उत्तर असं की या दरीतली (हीच ओवेन्स व्हॅली) बरीचशी जमीन लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्याची आहे. शहर तिथून गाडीने चार तास लांब. ज्या गाई दिसतात त्या तिथल्या रँचवाल्यांच्या, पण त्यांच्या पायाखालचं कुरण शहराकडून भाड्यानं घेतलेलं.

आता लांबलचक उत्तर. पश्चिमेला सिएरा नेवाडा, पूर्वेला व्हाइट आणि इन्यो डोंगर, मधे सुमारे १२० किमी लांबीची चिंचोळी दरी. ढग सिएराच्या पलीकडच्या अंगालाच रिकामे होतात त्यामुळे खाली दरीत वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे महाबळेश्वर आणि माण-खटावचं जे नातं तेच इथे, फक्त डोंगर चार हजार मीटरचे. पण त्या डोंगरांवर बर्फ साठतो आणि तो मे-जूनपासून वितळून ओढ्यांनी खाली येतो, बिशप क्रीक, बिग पाइन क्रीक वगैरे, सगळे ओवेन्स नदीला मिळतात आणि नदी दक्षिणेला ओवेन्स तळ्यात संपते. समुद्राला जातच नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गवताला पाणी हवं तेव्हाच पाणी येतं. या दरीचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

बहुतेकांना माहीत असलेली गोष्ट अशी की १९१३ ला शहरानं कालवा काढला, गरीब शेतकऱ्यांचं पाणी पळवलं, शेतकऱ्यांनी डायनामाइट लावला, कालव्याचा इंजिनियर मुलहॉलंड हा व्हिलन. हे सगळं घडलंय, पण गोष्ट पन्नास वर्षं उशिरा सुरू केलीये. त्या शेतकऱ्यांकडे ते पाणी आलं कुठून हे कुणी विचारतच नाही.

गोऱ्या लोकांच्या आधी इथे पायूट लोक राहायचे (अजूनही राहतात, त्याबद्दल पुढे). आणि ते पाटानं पाणी द्यायचे. शेतीला नाही बरं का, नांगरणं पेरणं काही नाही, जंगली गवताच्या आणि कंदांच्या पट्ट्यांना. त्यातला एक कंद आपल्या नागरमोथ्याच्या भाऊबंदातला. १९२०-३० च्या दशकात ज्युलियन स्टुअर्ड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून हे सगळं लिहून ठेवलं. बिशप क्रीकवर वसंतात दगड, झुडपं, काटक्या आणि चिखल घालून बांध घालायचे, वीस-पंचवीस माणसं लागायची. बांधाच्या खाली दोन पट्टे होते, एक उत्तरेचा एक दक्षिणेचा, एका वर्षी एकाला पाणी आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला, म्हणजे एक पट्टा कायम विश्रांतीत. पाणी फिरवायला दरवर्षी एक माणूस निवडायचे आणि मग तो सोडून बाकी कुणी पाण्याला हात लावायचा नाही. हातात एक लांब जाड दांडकं, त्यानं माती सारून पाणी वळवायचा. बांध घालणं आणि पाणी देणं पुरुषांकडे, कंद खणणं आणि बी गोळा करणं बायकांकडे. शरदात बांध फोडून टाकायचे आणि कोरड्या पडलेल्या पाटातले मासे वेचायचे.

जेवण करून येतो, पुढचं लिहितो.

चिवडा_विदाऊट_शेंगदाणे

मासे वेचणं हे बोनस आहे राव. पाणीपट्टी उलटी मिळतेय.

पांझराकाठ

अहो हे वाचून मी खुर्चीतच सरसावून बसलो. आमच्या धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे त्यात हेच. नदीवर बंधारा, पाट, आणि खालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी असतो आणि तोच देणार, शेत तुमचं असलं तरी तुम्ही जाऊन दार उघडायचं नाही. आजोबा सांगायचे की पाटकऱ्याशी भांडण झालं तरी त्याच्या हातातलं फावडं कुणी हिसकावून घ्यायचं नाही. वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा हा वाद जगात सगळीकडे असणार आणि त्याला उपाय सगळीकडे एकच निघाला, की ज्याला पाणी हवंय त्याच्या हातात फावडं द्यायचं नाही.

एक शंका. हे पायूट लोक पाट काढायला स्पॅनिश लोकांकडून शिकले असं असेल का? कॅलिफोर्नियात मिशनवाले पाद्री होतेच की.

हायवे३९५

@पांझराकाठ, फडाचं लिहिलंत ते फार छान, यावर वेगळा धागा काढाच. शिकण्याबद्दल म्हणाल तर यावर अभ्यासकांत भांडण आहे. एक बाजू म्हणते स्वतःचं, दुसरी म्हणते मिशनमधून पळून आलेल्या लोकांकडून आलं असेल. पण गोरे गुराखी यायच्या आधी पाट होते यात वाद नाही. १८५९ मध्ये कॅप्टन डेव्हिडसन लष्कराची तुकडी घेऊन आला, घोडे चोरल्याचा संशय पायूटांवर होता म्हणून, आणि आल्यावर त्यानं बघितलं की चोर वगैरे कुणी नाही, हे लोक शांतपणे गवताला पाणी देतायत. त्यानं तसं रिपोर्टमध्ये लिहिलं. दरी गुरांसाठी किती झकास आहे हेही लिहिलं. झालं.

१८६१ च्या उन्हाळ्यात सॅम्युएल बिशप फोर्ट तेहोनकडून पाचशेच्या वर गुरं हाकत आला. बिशप गावाला त्याचंच नाव आहे, आणि गंमत म्हणजे तो स्वतः दोनेक वर्षांत निघून गेला. उत्तरेला ऑरोरा नावाच्या खाणगावात चांदी-सोनं सापडलेलं, तिथल्या खाणकामगारांना मांस हवं, म्हणून गुरं. ती गुरं चरली कुठे? जिथे ऐन कोरड्या दरीत हिरवंगार गवत उभं होतं तिथे, म्हणजे पाणी पाजलेल्या पट्ट्यांवर. बी धरायच्या आत गवत खाल्लं गेलं, कंदांची ओली जमीन खुरांनी तुडवली गेली. त्याच हिवाळ्यात, १८६१-६२ ला, कॅलिफोर्नियात भयंकर पाऊस आणि बर्फ झाला, शिकार मिळेना, आणि उपाशी लोकांनी एखादी गाय मारून खाल्ली. गायवाल्यानं माणूस मारला. मग लष्कर आलं, १८६२ च्या ४ जुलैला छावणी टाकली म्हणून तिचं नाव कँप इंडिपेंडन्स. लष्करानं आणि गुरंवाल्यांनी मिळून साठवलेलं धान्य शोधून शोधून जाळलं. १८६३ मध्ये ओवेन्स तळ्याकाठी पायूटांच्या एका टोळीला पाण्यात रेटलं आणि पोहणाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्याच उन्हाळ्यात नऊशेच्या वर माणसं, बायका-पोरांसकट, तीनशे किलोमीटरच्या वर चालवत फोर्ट तेहोनला नेली.

यातली बरीच हळूहळू परत आली. आली तेव्हा जमिनीवर कुंपणं पडलेली. मग काय करणार, रँचवर कामाला लागली. अल्फाल्फाला (आपला लसूणघास) पाणी धरायचं काम त्यांच्याकडेच असायचं, कारण पाणी कुठून कसं पळतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. जुने पाट पुष्कळ ठिकाणी तेच, नुसते रुंद केले आणि नाव बदललं.

गुराखी

जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून माझा प्रश्न जनावरांबद्दल. एवढ्या कमी पावसाच्या भागात गुरं वर्षभर ठेवायची म्हणजे चारा कुठून? आपल्याकडे अशा भागात धनगर मेंढरं घेऊन फिरतात, एका जागी बसत नाहीत.

हायवे३९५

इथेही फिरतातच. थंडीत खाली दरीत, बर्फ वितळला की वर सिएरातल्या कुरणांवर किंवा उत्तरेला लाँग व्हॅलीत, ती जास्त उंचावर आहे. मेंढरंही होती, बास्क मेंढपाळ हजारोंचे कळप घेऊन या दरीतून उत्तरेला जायचे आणि गुरंवाल्यांशी त्यांचं रीतसर वैर. खाली जे राहतं त्याच्यासाठी पाणी पाजलेलं कुरण आणि साठवलेला घास. पाणी द्यायची पद्धत अगदी रांगडी, ओढ्यातून पाट काढायचा, कुरणाच्या वरच्या अंगानं आडवा न्यायचा आणि जागोजागी तोडून पाणी पसरू द्यायचं. सपाटीकरण वगैरे काही नाही, उतार काम करतो. हे दृश्य आजही बिशपच्या आसपास दिसतं, गवतात घोट्याएवढं पाणी आणि त्यात गाई.

आणि बाजार होता. १८६० च्या शेवटाला समोरच्या इन्यो डोंगरात सेरो गोर्दोची चांदीची खाण जोरात चालली. चांदीच्या लाद्या रेमी नाडो नावाच्या माणसाच्या खेचरगाड्या लॉस एंजेलिसला न्यायच्या, आणि त्या खेचरांना घास, खाणवाल्यांना बटर, मटण, बटाटे हे दरीतून. येताना गाड्या शहरातून माल घेऊन यायच्या. लॉस एंजेलिस तेव्हा धुळीतलं छोटं गाव, त्याच्या व्यापाऱ्यांना या दरीनं चांगलंच जगवलंय. १८८३ ला छोटी रेल्वे आली. शतक संपेपर्यंत पाटांच्या कंपन्या झाल्या होत्या, मॅकनॅली डिच, बिग पाइन कॅनॉल, शेअर असायचे, ज्याचा जितका शेअर तितकं पाणी.

रिटायर्ड_इरिगेशन

लेख माहितीपूर्ण. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं म्हणून आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. धागाकर्त्यांनी पाणी किती, कालवा किती क्यूसेकचा, उतार कसा, साठवण कुठे हे सांगावे. वाचकांसाठी: तिकडे एकरफूट हे माप चालते, एका एकरावर एक फूट उभे पाणी, म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. एक टीएमसी म्हणजे जवळपास २३ हजार एकरफूट.

सॅनफर्नांडो

लॉस एंजेलिसकर म्हणून शहराच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. १९०० ला शहर लाखभर लोकांचं होतं, १९३० ला बारा लाखांच्या वर. लॉस एंजेलिस नदी म्हणजे उन्हाळ्यात ओहोळ. पाणी आणलं नसतं तर शहर झालंच नसतं. दुसरं, शहरानं जमीन हिसकावली नाही, विकत घेतली. नुसत्या शेतीच्या हिशेबानं जमिनीची जी किंमत झाली असती त्याहून जास्तच मिळाली असं काही अर्थतज्ज्ञांनी कागद काढून दाखवलंय. सिनेमात दाखवतात तसं रात्रीत नळ बंद केला असं झालेलं नाही.

मावळमाती

@सॅनफर्नांडो, विकत घेतली हे आम्हाला मुळशीतही सांगितलं गेलं होतं. टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या, १९२१ ला सेनापती बापटांचा सत्याग्रह सुरू झाला, आणि वीज गेली मुंबईला. आमचं पाणी तर उलट्या दिशेनं घाट उतरून कोकणात जातं. आज धरणाकाठी राहणाऱ्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो हे कुठल्या अर्थतज्ज्ञानं कागदावर मांडलंय ते सांगा.

सॅनफर्नांडो

मुळशीत सरकारनं कायदा लावून जमीन घेतली. ओवेन्समध्ये विकणारा सही करत होता. फरक आहे.

हायवे३९५

फरक आहे, पण सही कशी घेतली तेही बघू. थोडा वेळ द्या, मोठं लिहितोय. @रिटायर्ड_इरिगेशन साहेब, तुमचे आकडे यातच येतील.

विल्यम मुलहॉलंड. आयर्लंडचा, १८७८ ला लॉस एंजेलिसच्या पाटांवर गाळ काढायला लागला, म्हणजे हातात फावडं घेऊनच आला. रात्री पुस्तकं वाचून इंजिनियर झाला, कॉलेज नाही. त्याचा आधीचा साहेब फ्रेड एटन, जो पुढे शहराचा महापौर झाला. १९०४ मध्ये एटननं मुलहॉलंडला बग्गीतून ही दरी दाखवली. त्याच सुमारास केंद्र सरकारचं रिक्लमेशन खातं (१९०२ च्या कायद्यानं झालेलं) दरीत शेतकऱ्यांसाठी सिंचन योजना आखत होतं, शेतकरी खूश होते, आपल्या पाण्याच्या हक्कांची सगळी माहिती त्यांनी आपणहून साहेबांना दिली. त्या खात्याचा कॅलिफोर्नियातला मुख्य माणूस लिपिनकॉट, तो शहराकडूनही सल्ल्याचे पैसे घेत होता. एटन दरीत फिरून जमिनींचे विसार करत होता आणि पुष्कळांचा समज की हा सरकारी योजनेसाठीच घेतोय. त्यानंही तो समज मोडायची घाई केली नाही. २९ जुलै १९०५ ला शहराच्या पेपरात बातमी फुटली तेव्हा लोकांना कळलं की सही कशावर केली. तर @सॅनफर्नांडो, सही होती, पण समोर बसलेला माणूस कुणाचा हे सही करणाऱ्याला माहीत नव्हतं.

पुढे सरकारी योजना गुंडाळली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी शहराच्या पारड्यात वजन टाकलं. आणि नवीन लोकांनी सरकारी जमिनीवर वस्ती करू नये म्हणून १९०७ ला दरीतला पट्टाच्या पट्टा राष्ट्रीय जंगल म्हणून जाहीर केला. झाड औषधाला नाही आणि जंगल! आपल्याकडे गायरानाची कागदावर काय काय रूपं होतात ते माहीत असलेल्यांना यात नवल वाटायचं नाही.

कालवा: १९०८ ते १९१३, लांबी २३३ मैल म्हणजे ३७५ किमी, एकही पंप नाही, सगळं उतारावर, जिथे खोल दरी आडवी आली तिथे पोलादी नळ खाली उतरवून परत वर. क्षमता ४८५ क्यूसेकच्या आसपास. वर्षभर पूर्ण चालला तर साधारण १५ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ च्या आसपास, म्हणजे त्याच्या निम्मं.

आता साठवण, आणि खरी मेख इथेच आहे. लाँग व्हॅलीत धरणाची उत्तम जागा होती पण ती एटननं स्वतःच्या नावावर ठेवली आणि दहा लाख डॉलर मागितले. मुलहॉलंडनं नाही म्हटलं, दोघा जुन्या दोस्तांचं फाटलं. त्यामुळे वर धरण झालंच नाही, कालवा नुसत्या वाहत्या पाण्यावर. पाऊस बरा होता तोवर शेतकऱ्यांनी पाटाचं पाणी घ्यायचं आणि उरलेलं शहराला, दहा वर्षं तसं निभलंही. १९२० नंतर दुष्काळ पडला आणि शहराकडे साठा नाही, मग एकच मार्ग, वरचे पाट विकत घेऊन बंद करायचे. १९२३ ला मॅकनॅली डिचचे हक्क घेतले, नदीत पाणी सोडलं, तर ते खालच्या बिग पाइन कॅनॉलवाल्यांनी वाटेतच उचललं! शहराची माणसं त्यांचं मुख तोडायला आली तर शेतकरी बंदुका घेऊन उभे. मग शहरानं तोही कॅनॉल विकत घेतला. एका पाटावर एकानं विकलं, शेजारच्यानं नाही, असा तुकडा तुकडा. अर्ध्या लोकांनी विकल्यावर उरलेल्या अर्ध्यांनी पाट कसा साफ ठेवायचा? शेवटी तेही विकतात.

रिटायर्ड_इरिगेशन

आभारी आहे. हेच अपेक्षित होते. साठवण नसलेला कालवा म्हणजे दुष्काळात भांडणाला आमंत्रण, हे आम्ही सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये शिकतो. दोन माणसांच्या किमतीवरून झालेल्या हट्टापायी अख्खी दरी विकत घ्यावी लागली असे दिसते. ते धरण शेवटी झाले का?

हायवे३९५

झालं, १९४१ ला. क्राउली लेक, मॅमथला जाताना उजवीकडे जे मोठं निळं तळं दिसतं ते. तोवर एटन, मुलहॉलंड दोघेही गेले होते.

मधल्या काळात जे झालं ते थोडक्यात. मे १९२४ ला कालव्याला पहिला सुरुंग. नोव्हेंबर १९२४ ला सत्तरेक माणसांनी लोन पाइनजवळचे अलाबामा गेट्स ताब्यात घेतले, दारं उघडली आणि शहराचं पाणी परत नदीत सोडून दिलं. चार दिवस. बायका-पोरं आली, शेगड्या पेटल्या, जत्राच झाली. टॉम मिक्स हा मूकपटांचा मोठा हिरो जवळच शूटिंग करत होता, त्यानं आपला बँड पाठवला म्हणे. शेरीफनं कुणाला हात लावला नाही. पुढारी वॉटरसन बंधू, दरीतल्या बँका त्यांच्याच. १९२७ ला परत सुरुंगांची माळ लागली, आणि त्याच ऑगस्टमध्ये बँकेच्या हिशेबात घोटाळा निघाला, बँका बुडाल्या, दोघे भाऊ तुरुंगात. लोकांची ठेव गेली आणि लढाईही तिथेच संपली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिसजवळचं मुलहॉलंडचं सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली, आणि मुलहॉलंडची कारकीर्दही संपली.

१९३० च्या दशकात शहराकडे दरीतली ९५ टक्क्यांच्या आसपास शेतजमीन आणि गावांतली ८५ टक्के मालमत्ता होती. हो, गावांतली पण. दुकानं, घरं, सगळं.

मावळमाती

गावातली घरं का घेतली? त्यांना पाणी तर नव्हतं.

हायवे३९५

कारण जमीनवाल्याला पैसे मिळाले, तो गेला. मागे राहिले लोहार, दुकानदार, न्हावी, ज्यांच्याकडे विकायला काहीच नव्हतं आणि गिऱ्हाईक मात्र उठून गेलेलं. त्यांनी भरपाई मागितली, कायदा करून घेतला, तेव्हा शहरानं गावातली मालमत्ताही घेऊन टाकली. तुमच्या भाषेत, बलुतेदारांचा हिशेब सगळ्यात शेवटी झाला.

अनुस्वार

दोन दिवस वाचतेय, मस्त चाललाय धागा. मला एक कळत नाही, शहराला पाणी हवं होतं तर जमीन परत रँचवाल्यांना भाड्यानं का दिली? आणि ते लोक अजून तिथे का आहेत?

हायवे३९५

जमीन ओसाड ठेवली तर धूळ, तण, कोर्टकज्जे. भाड्यानं दिली की कुंपण रँचवाला सांभाळतो. भाडेपट्ट्यात ठरलेल्या ओलिताच्या जमिनीला एकरी पाच एकरफूट पाणी मिळतं.

रिटायर्ड_इरिगेशन

एकरी पाच फूट म्हणजे दीड मीटर. हे आपल्या उसाच्या जवळ जाते. गवताला उसाइतके पाणी? मात्र जमीन वाळू-गोट्याची असणार आणि पाट कच्चे, म्हणजे निम्मे झिरपून खालच्याच विहिरी, झरे, नदीला जात असेल. आम्ही याला गळती म्हणून नावे ठेवतो आणि खालचे गाव त्यावरच जगत असते.

हायवे३९५

साहेब, अगदी हेच २०१८ ला कोर्टात गेलं. क्राउली लेकजवळच्या कुरणांना, सहाएक हजार एकर, शहरानं नव्या पट्ट्यात ओलिताचं पाणी देणार नाही असं सांगितलं. मोनो काउंटी आणि सिएरा क्लब शहराविरुद्ध उभे राहिले. एरवी पर्यावरणवाले आणि गुरंवाले एकमेकांचं तोंड बघत नाहीत, इथे एका बाजूला! कारण दीडशे वर्षं पाटाच्या गळतीवर जी ओली कुरणं झालीत त्यांवर सेज ग्राउझ नावाचा पक्षी पिल्लं वाढवतो. खालच्या कोर्टानं काउंटीचं ऐकलं, वरच्या कोर्टानं २०२२ ला शहराच्या बाजूनं निकाल फिरवला.

आणि जिथे पाणी खरंच बंद झालं तिथे काय झालं ते ओवेन्स तळं बघून कळतं. १९२६ पर्यंत कोरडं. तळाचा क्षार वाऱ्यावर उडायला लागला, अमेरिकेतलं बारीक धुळीचं सगळ्यात मोठं ठिकाण अशी त्याची कीर्ती. शेवटी हवा-प्रदूषण मंडळानं शहराला धारेवर धरलं आणि २००१ पासून शहर त्याच तळ्यात पाणी शिंपडतंय, आजवर २ अब्ज डॉलरच्या वर खर्च. १९७० ला दुसरा कालवा झाला, तो भरायला विहिरींचा उपसा वाढवला, झरे आटले, इन्यो काउंटीनं १९७२ ला दावा लावला, करार व्हायला १९९१ उजाडलं. २००६ च्या डिसेंबरात नदीच्या खालच्या १०० किमी पात्रात परत पाणी सोडलं, अर्थात थोडं.

एक किस्सा सांगून टाकतो. ओवेन्स पपफिश, दोन बोटं लांबीचा मासा, नामशेष झाला असं धरून चालले होते, तो १९६४ ला बिशपच्या उत्तरेला फिश स्लू नावाच्या दलदलीत सापडला. १९६९ च्या उन्हाळ्यात ते डबकं आटायला लागलं. फिल पिस्टर नावाच्या सरकारी मत्स्यतज्ज्ञानं धावत जाऊन उरलेले आठशेएक मासे दोन बादल्यांत भरले आणि दलदलीतून पाय सांभाळत दुसऱ्या पाण्याकडे नेले. जगात त्या जातीचे जेवढे होते तेवढे सगळे त्या दोन बादल्यांत. वाटेत पाय घसरला असता तर खेळ खलास.

चिवडा_विदाऊट_शेंगदाणे

मी दुधाची पिशवी फोडून घरी येणारा माणूस, मला हे वाचूनच घाम फुटला.

सॅनफर्नांडो

एक बोलू का, सगळे मारतील. शहरानं जमीन घेतली नसती तर आज त्या दरीत मॉल, गोल्फ कोर्स आणि सेकंड होम असती. तुम्ही सगळे जे फोटो काढायला जाता ती मोकळी दरी शहराच्या मालकीमुळेच मोकळी आहे.

मावळमाती

हे लवासाच्या शेजारी राहणाऱ्याला सांगू नका, पटून जाईल. पण मोकळी ठेवायला घेतली नव्हती ना. आणि तिथली शाळकरी पोरं घर घ्यायचं म्हटलं तर घेणार कुठे?

हायवे३९५

दोघांचंही खरं आहे. बिशपमध्ये घरं इतकी टंचाईची आहेत की शाळेच्या मास्तरांना भाड्याची खोली मिळत नाही, आणि गावाबाहेर दहा मिनिटांवर मैलोन् मैल रिकामी जमीन. रँचवाल्यांची चौथी-पाचवी पिढी तिथे कूळ म्हणून आहे, घर कधीकधी स्वतःचं, कुरण शहराचं. त्यांच्या पणजोबांनी अलाबामा गेट्सवर धरणं धरलेलं आणि आता शहराच्या कचेरीत पट्टा नूतनीकरणाचा अर्ज. शहरावर चिडतात, पण शहर जमीन विकायला निघालं तर सगळ्यात आधी तेच घाबरतील.

पांझराकाठ

आणि पायूट? तुम्ही म्हणालात की पुढे सांगतो.

हायवे३९५

शहरानं रँच विकत घेतल्यावर तिथली मजुरी गेली, म्हणजे त्यांचं दुसऱ्यांदा उठलं. त्या लोकांना नुकसानभरपाई कुणी दिली नाही कारण कागदावर त्यांचं काही नव्हतंच. मग १९३० च्या दशकात केंद्र सरकार आणि शहर यांनी अदलाबदल ठरवली. पायूटांसाठी राखलेली सुमारे २,९०० एकर जमीन शहराला, आणि बदल्यात बिशप, बिग पाइन, लोन पाइन इथे मिळून सुमारे १,४०० एकर. १९३९ पर्यंत झालं. जमीन चांगली होती असं म्हणतात, पण पाण्याचा हक्क कागदात आला नाही. कारण काय तर शहराच्या सनदेत लिहिलंय की पाण्याचा हक्क द्यायचा असेल तर शहरातल्या दोन तृतीयांश मतदारांची संमती हवी. तोवर शहर त्यांना एकरी चार एकरफूट पाणी पुरवेल असं ठरलं. फोर्ट इंडिपेंडन्सचे लोक या सौद्यात आलेच नाहीत. ते मतदान आजवर झालेलं नाही आणि हक्काचा प्रश्न तसाच आहे.

हल्ली पायूटांचा पाणी आयोग, गावातले तरुण आणि काही संशोधक मिळून जुने पाट नकाशावर उतरवतायत. जमिनीच्या चढउताराची विमानातून लेसरनं मोजणी करतात त्यात झुडपांखालचे पाट रेघेसारखे उमटतात. तो नुसता हौशी इतिहास नाही. इथल्या पाणीकायद्यातलं एक मोठं तत्त्व म्हणजे जो आधी आला त्याचा आधी हक्क. शहराचे कागद रँचवाल्यांकडून आलेले, १८६० नंतरचे. त्याच्या आधी त्याच ओढ्यावर कुणीतरी पाणी वापरत होतं हे जमिनीवर बोट ठेवून दाखवता आलं तर वकिलांना बोलायला जागा मिळते.

रिटायर्ड_इरिगेशन

एकरी चार त्यांना आणि एकरी पाच गुरांच्या कुरणाला. हा फरक कोणत्या हिशेबाने?

हायवे३९५

साहेब, चार १९३९ च्या करारातले, पाच पट्टेदारांचे. दोन वेगळ्या टेबलांवर ठरलेत, आणि दोन्ही टेबलांच्या पलीकडे शहरच बसलेलं.